शंकर आबाजी भिसे : बुद्धीचा सातबारा कोणाच्या नावे?

आमच्या अमडापूरकडे घरातली सर्वांत जपून ठेवलेली वस्तू म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. दागिना एकवेळ गहाण पडेल, पण तो कागद ट्रंकेच्या तळाशी सुखरूप असतो. जमीन कोणाच्या नावे आहे आणि तीत पीक काय घेतले, हे त्यावरून कळते. कॉलेजची पायरी चढणारी मी आमच्या घरातली पहिलीच. इथे आल्यावर समजले की बुद्धीच्या पिकालाही असाच एक उतारा असतो. त्याला पेटंट म्हणतात. नवा शोध लावणाऱ्याला ठराविक वर्षांपुरता त्या शोधावर जो हक्क सरकार देते, तो हा. एका मराठी माणसाचे सारे आयुष्य या हक्कापायी कसे खर्ची पडले, ते येथे थोडक्यात सांगते.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म 29 एप्रिल 1867 रोजी मुंबईत झाला. लहानपणापासूनच त्यांना यंत्रांचा नाद होता. पुढे लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा लावली. मुंबईत बसून भिसे यांनी आराखडा पाठवला आणि बक्षीस मिळवले! त्या यशाच्या बळावर ते इंग्लंडला गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांना मदतीचा हात दिला.

त्यांचे मोठे काम छपाईच्या खिळ्यांचे. त्या काळी प्रत्येक अक्षराचा खिळा शिशाच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून पाडावा लागे. हे काम झपाट्याने करणारे यंत्र भिसे यांनी तयार केले. परंतु कागदावरचे यंत्र कारखान्यात उभे करायचे तर भांडवल हवे, आणि पेटंट घ्यायचे तर फी भरायला पैसा हवा. हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने भांडवल जमवण्याची खटपट केली, पण ती तडीस गेली नाही. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटा यांनी पैसा पुरवला आणि दोघांच्या नावाची एक संस्था निघाली. महायुद्धाच्या धामधुमीत तीही बंद पडली. मग भिसे अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी खिळे पाडणारी यंत्रे सुधारली, आयोडीनपासून ॲटोमिडीन नावाचे औषध काढले. भारताचा एडिसन म्हणून त्यांचा गौरव झाला. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, या चरित्रात एक गोष्ट सतत जाणवते. भिसे यांच्यामागे विद्यापीठ नव्हते, सरकारी प्रयोगशाळा नव्हती. प्रत्येक शोधाच्या वेळी त्यांना नवा भांडवलदार शोधावा लागला. पैसा देणारा वाटा मागणारच, आणि गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतातच. मग वाटते, विद्यापीठ पाठीशी असते तर सारे सोपे झाले असते काय?

विद्यापीठ आले तरी प्रश्न सुटत नाही, फक्त बदलतो. पगार विद्यापीठाचा, उपकरणे विद्यापीठाची, बुद्धी मात्र संशोधकाची. मग पेटंट कोणाचे? याची दोन उत्तरे भिसे यांच्या हयातीतच मिळाली. जगदीशचंद्र बोस यांनी 1917 मध्ये कलकत्त्याला आपली संस्था काढली आणि तेथील शोध पेटंटाविना सर्वांना खुले राहतील असे ठरवले. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी दुसरी वाट धरली. अन्नावर अतिनील किरण सोडून त्यात ड जीवनसत्त्व तयार करण्याची रीत त्यांनी शोधली होती. तिचे हक्क ते एखाद्या कंपनीला विकून मोकळे झाले नाहीत. 1925 मध्ये त्यासाठी एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पेटंटचे उत्पन्न विद्यापीठातील संशोधनाकडे वळले.

आज पुष्कळ विद्यापीठांचा नियम असा असतो की संस्थेच्या साधनांवर झालेल्या शोधाची मालकी संस्थेची, आणि उत्पन्नातला काही वाटा संशोधकाचा. आपल्या देशात पेटंटच्या अर्जात खऱ्या शोधकाचे नाव द्यावे लागते. म्हणजे मालक बदलला तरी कसणाऱ्याचे नाव पुसले जात नाही. हे योग्यच आहे. परंतु माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. वाटा किती, निर्णय कोण घेणार, संस्थेने पेटंट घेतलेच नाही तर हक्क संशोधकाकडे परत येणार की नाही, हे सारे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर यायला हवे. पीक उभे राहिल्यावर वाटणीची बोलणी केली की भांडण होते, हे शेतकऱ्याच्या पोरीला कोणी शिकवायला नको. आणि प्रयोगशाळेत रात्र रात्र जागणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कागदाचा अर्थ सही करण्याआधीच समजावून सांगितला पाहिजे. माझ्यासारख्यांच्या घरी तो वाचून दाखवणारे कोणी नसते.

उद्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातूनही एखादा भिसे निघेल. त्याला दारोदार हिंडावे लागू नये आणि आपल्या पिकावरचा हक्कही गमवावा लागू नये, एवढीच इच्छा. शंकर आबाजी भिसे यांच्या जिद्दीला माझे विनम्र अभिवादन!