बहुमत विरुद्ध कर्वे सर

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला एक नियम न शिकवता येतो. सगळे जे करतात ते आपणही करायचं! सगळे मास बंक मारतात, तर आपणही मारायचा. सगळ्यांनी एकाच्याच फाईलवरून जर्नल उतरवलं, तर आपणही तेच उतरवायचं, त्यातल्या चुकांसकट. मेसमध्ये सगळे भाजीला नावं ठेवतात म्हणून आपणही ठेवायची, मग ती त्या दिवशी चांगली झाली असली तरी!

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधला एक मुलगा मास बंकच्या दिवशी वर्गात जाऊन बसला. एकटाच. त्याचं म्हणणं साधं होतं, मला तो टॉपिक समजला नव्हता आणि सर शिकवायला आले होते. झालं! दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. त्याच्या टेबलावर जेवायला कोणी बसेना. तीन आठवडे हा प्रकार चालला. आणि खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मीही त्याच्याशी बोललो नाही. त्याचं चुकलं असं मला कधीच वाटलं नव्हतं, तरीही. याच काळात माझ्या हाती र. धों. कर्वे यांच्याविषयीचं एक पुस्तक आलं आणि मग माझी झोपच उडाली. म्हणून हा लेख.

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरूडचा. आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. त्यानंतर १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. पण त्या काळी हे म्हणजे गावाच्या तोंडावर चपराक मारण्यासारखं होतं. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांच्या घरावर बहिष्कार टाकला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचे होते. समाज एखाद्याला वाळीत टाकतो म्हणजे नेमकं काय करतो, हे या मुलाने पुस्तकात नाही, स्वतःच्या घरात वाचलं.

मुलगा हुशार होता. किती? १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला! पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण झालं. वडील तिथेच गणिताचे प्राध्यापक होते आणि मुलानेही गणितच धरलं. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवू लागले. मध्यंतरी पॅरिसला जाऊन गणिताचा आणखी अभ्यास करून आले. म्हणजे बघा, पक्की नोकरी, मोठ्या माणसाचं नाव, परदेशातलं शिक्षण. आपल्या भाषेत सांगायचं तर लाईफ सेट! याच्या पुढे माणसाने काय करायचं असतं? गप्प बसायचं असतं.

पण कर्वे सर गप्प बसले नाहीत. आजूबाजूला त्यांना काय दिसत होतं? दरवर्षी बाळंत होऊन खंगून गेलेल्या बायका, बाळंतपणात जाणाऱ्या आया, आठ-आठ दहा-दहा लेकरं आणि त्यातली निम्मी कशीबशी जगलेली. प्रत्येक गल्लीत हे दिसत होतं आणि प्रत्येक जण याला देवाची इच्छा म्हणत होता. कर्वे गणिती. त्यांना ही इच्छा वाटेना, त्यांना कारण आणि परिणाम दिसत होता. आणि ज्याला कारण आहे त्याला उपाय असतोच, ही त्यांची सरळ समजूत होती.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं अशा प्रकारचं हे पहिलं केंद्र मानलं जातं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी असं केंद्र काढलं होतं. म्हणजे इंग्रजांच्या राजधानीत जी गोष्ट नुकतीच आणि मोठ्या गदारोळात सुरू होत होती, ती आपल्याकडे एक मराठी मास्तर पदरमोड करून करत होता! १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचावावर मराठीत पुस्तकं लिहिली, ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी.

मग जे व्हायचं तेच झालं. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. एकीकडे प्राध्यापकी आणि दुसरीकडे हा असला प्रचार, हे संस्थेला चालण्यासारखं नव्हतं. नोकरी की प्रचार असा प्रश्न आला. आपण काय केलं असतं याचा जरा प्रामाणिकपणे विचार करा. मी केला, आणि माझं उत्तर मला आवडलं नाही. कर्व्यांनी नोकरी सोडली.

इथे मालतीबाईंविषयी लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल. त्या त्यांच्या पत्नी. आपल्याला मूल नको हा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. वेळ आणि पैसा कामाला लागावा हा एक विचार, आणि जे लोकांना सांगायचं ते आधी आपण पाळायचं हा दुसरा. त्या काळात मूल नसलेल्या बाईला लोक काय काय बोलत असतील ते वेगळं सांगायला नको. नवऱ्याची कमाई आटल्यावर घर चालायला मालतीबाईंच्या मिळकतीचा मोठा आधार होता. जगाशी भांडणाऱ्या माणसाचं नाव होतं, पण त्याच्या घरातल्या चुलीची काळजी करणाऱ्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही. म्हणून मुद्दाम लिहिलं.

१९२७ च्या जुलैमध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. संततिनियमन, लैंगिक शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, अंधश्रद्धा, सगळं त्यात यायचं. वाचक आपल्या अडचणी कळवायचे, ज्या ते आपल्या आईबापाला, डॉक्टरला, मित्राला कोणालाच सांगू शकत नव्हते. कर्वे त्यांना सरळ, न लाजता, न हसता उत्तरं द्यायचे. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. शरीर ही लाजण्याची वस्तू नाही असं त्यांचं मत! अर्थात यावरून जे रान उठायचं ते उठलंच. पुणे-मुंबईच्या प्रतिष्ठित मंडळींच्या टेबलावर हे मासिक दिसणं शक्य नव्हतं. पण ते चोरून वाचलं जात होतं, हेही तेवढंच खरं. वर्गणीदार थोडे, जाहिराती कमी, तोटा नेहमीचा. लिहायचं, तपासायचं, छापून घ्यायचं, पाठवायचं, जवळपास सगळं एकट्याने.

मग कोर्ट आलं. १९३१ मध्ये अश्लीलतेचा पहिला खटला, आणि दंड. १९३४ मध्ये दुसरा. यात गुन्हा काय होता? वाचकांनी लैंगिक विषयावर विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं! या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. गोलमेज परिषदा करून आलेले, देशभर नाव असलेले बाबासाहेब एका बदनाम मासिकाच्या संपादकाचं वकीलपत्र घेतात, यातच सगळं आलं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोक जर अज्ञानापोटी प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञान द्यायचं की नाही, असा बाबासाहेबांचा रोख होता. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

इथे आपल्या भंडाऱ्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. राज्यघटनेचा मसुदा तयार करणारा माणूस आपल्या आजोबा-पणजोबांच्या मतपेटीत हरला. कोर्टात हरलेला वकील आणि मतपेटीत हरलेला उमेदवार एकच. पण आज गावोगावी पुतळे कोणाचे आहेत? जिंकण्या-हरण्याचा हिशोब त्या दिवशीच्या निकालावर होत नाही, तो फार उशिरा होतो.

कर्व्यांना विरोध फक्त सनातन्यांचा होता असं समजू नका. संततीवर ताबा हवा हे मान्य, पण साधनं नकोत, संयम पाळा, असं महात्मा गांधींचं मत होतं. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई १९३५ च्या अखेरीस खास वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या, तरी ते मत बदललं नाही. ज्या काळात सारा देश एका माणसाच्या शब्दावर चालत होता, त्या काळात त्या माणसाशी सुद्धा आपलं पटत नाही असं छापून सांगायला वेगळीच छाती लागते. सनातनी विरोधात, सुधारक दोन हात लांब, सरकार कोर्टात खेचतंय. मग बाजूने उरलं कोण? थोडेसे वाचक, शकुंतला परांजपे यांच्यासारखे मोजके सहकारी आणि घरी मालतीबाई.

आता थोडं विषयांतर. येवगेनी झाम्यातिन नावाचा एक रशियन लेखक होता. शिक्षणाने जहाजबांधणीचा इंजिनिअर, म्हणजे आपलाच माणूस! त्याने १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' नावाची कादंबरी लिहिली. त्यातल्या राज्यात कोणाला नाव नाही, फक्त नंबर. घरांच्या भिंती काचेच्या. सगळे एकाच वेळी उठतात, एकाच वेळी जेवतात. गोष्ट सांगणारा नायक एक गणिती आहे आणि त्याला सुरुवातीला हे सगळं फार सुंदर वाटतं, कारण सगळं समीकरणासारखं नीट बसतं. पुढे अल्डस हक्सलेने १९३२ मध्ये आणि जॉर्ज ऑर्वेलने १९४९ मध्ये अशीच भयानक राज्यं रंगवली. हक्सलेच्या राज्यात तर मूल कधी आणि कसं जन्माला घालायचं हे सरकारच ठरवतं.

गंमत बघा. त्या कादंबरीतला गणिती नंबर होऊन खूश होता, आणि त्याच सुमारास मुंबईतला एक खराखुरा गणिती नंबर व्हायला नकार देत होता. काही जण म्हणतील, संततिनियमन म्हणजे पण माणसांवर ताबाच की! नाही. कर्व्यांचं म्हणणं अगदी उलट होतं. मूल हवं की नको हे समाजाने नाही, धर्माने नाही, सरकारने नाही, त्या जोडप्याने आणि विशेषतः त्या बाईने ठरवावं. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत सक्तीने नसबंदी झाली तेव्हा साधन तेच होतं, पण कर्व्यांचा विचार त्यात कुठेच नव्हता. तंत्र तेच असतं, बटण कोणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. हे आपण इंजिनिअर लोकांनी तरी लक्षात ठेवायला हवं.

कर्वे सर देव नव्हते. त्यांची भाषा बोचरी होती, समोरच्याला दुखवण्याची त्यांना पर्वा नसायची आणि त्यांची काही मतं आज वाचताना आपल्यालाही पटत नाहीत. पण तेच तर! माझी सगळी मतं मान्य करा असं ते म्हणत नव्हते. तपासा आणि मग ठरवा, एवढाच त्यांचा आग्रह. प्रत्येक मुद्दा प्रमेयासारखा मांडायचा आणि सिद्धता पटली नाही तर खोडून दाखवा म्हणायचं. खोडणारे फार आले नाहीत, बहिष्कार टाकणारे पुष्कळ आले.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले, तोपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालूच होतं. त्याच्या एकच वर्ष आधी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. ज्या गोष्टीसाठी एका माणसाची नोकरी गेली ती सरकारी योजना झाली! वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला खटले आणि दंड आले. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला तेव्हा कुठे नव्या पिढीतल्या बऱ्याच लोकांना हे नाव कळलं. मिळाला तर नक्की बघा.

मला वाटतं वेगळं असणं म्हणजे केसांना रंग लावणं किंवा बाईकचा सायलेन्सर बदलणं नाही. तेही सगळेच करतात! आपल्याला जे खरं वाटतं ते सगळे गप्प असताना सांगायचं आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून नाही तर आपल्या खिशातून द्यायची, हे वेगळं असणं. कर्व्यांनी ती तीस वर्षं दिली. आमच्या विंगमधल्या मुलाने तीन आठवडे दिली. आणि मी? मी बहुमतात होतो. बहुमतात असलं की काही द्यावं लागत नाही.

पुस्तक संपलं त्या रात्री मी मेसमध्ये ताट घेऊन त्याच्या टेबलावर जाऊन बसलो. फार काही बोललो नाही. त्या दिवशी वर्गात सरांनी काय शिकवलं एवढंच विचारलं. त्याने वही पुढे सरकवली. पलीकडच्या टेबलावरचे सगळे आमच्याकडे बघत होते.

बघू दे की!