गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (५ जून, १८८१ – ९ ऑक्टोबर, १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतकार, गायकनट, नाटककार व संगीतविषयक लेखक होते. 'संगीत मानापमान' (१९११) या नाटकाला त्यांनी दिलेल्या चालींमुळे मराठी नाट्यसंगीत हिंदुस्तानी रागसंगीताच्या आणि ठुमरीच्या अधिक जवळ आले. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाचे ते संगीतकार आणि नायक होते.

जन्म आणि संगीताचा व्यासंग

टेंबे यांचा जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. त्या काळी छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे गायनाचे मोठे केंद्र बनले होते. जयपूर गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ दरबार गायक म्हणून तेथेच वास्तव्यास होते. टेंबे यांनी पेटी बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. भास्करबुवा बखले यांच्या गायनाला ते पेटीची साथ करीत आणि त्यांनाच गुरुस्थानी मानीत. अल्लादियाखाँ यांच्या गायकीचाही त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

हार्मोनियमवादन

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य आहे. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे एकस्व घेतले गेले. पुढे हाताने भाता चालवून, जमिनीवर बसून वाजवता येईल असे त्याचे रूप भारतात रूढ झाले. या वाद्यात सप्तकाचे बारा स्वर आधीच बांधलेले असतात. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड जाणारी मींड त्यातून काढता येत नाही, तसेच रागानुसार स्वर किंचित चढा वा उतरता लावता येत नाही. गळ्याचा भास निर्माण करण्यासाठी वादकाला बोटांची चपळाई आणि भात्याच्या दाबावरील नियंत्रण यांवरच विसंबावे लागते.

टेंबे यांनी या मर्यादेत राहून ख्याल-ठुमरीचे अंग पेटीवर उतरवले. केवळ साथीचे मानले जाणारे हे वाद्य स्वतंत्र वादनासाठीही मैफलीत मान्य होऊ लागले, त्यात त्यांच्या वादनाचा मोठा वाटा होता. तरीही वाद्याच्या दोषांविषयीचा वाद मिटला नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती टेंबे यांच्या हयातीत उठली नाही.

संगीत मानापमान

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या नाटकांतील पदे साकी, दिंडी, कामदा, लावणी, कीर्तनातील चाली आणि कर्नाटकी वळणाच्या चाली यांवर आधारलेली होती. पदे रचताना नाटककार स्वतःच परिचित चाली निवडीत आणि छापील संहितेत पदाच्या माथ्यावर त्या चालीचा उल्लेख करीत.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'संगीत मानापमान' या नाटकासाठी किर्लोस्कर नाटक मंडळीने चालींचे काम टेंबे यांच्याकडे सोपवले. संगीत नाटकाला स्वतंत्र संगीतकार असण्याची प्रथा येथून सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. टेंबे यांनी रागदारीतील बंदिशींबरोबरच पूरब ढंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांतून चाली घेतल्या व खाडिलकरांनी त्यांवर शब्द बांधले. पहिला प्रयोग १२ मार्च, १९११ रोजी झाला. भामिनीची भूमिका बालगंधर्व यांनी केली होती.

या चाली एका मंडळीपुरत्या उरल्या नाहीत. ८ जुलै, १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगात बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक याच पदांच्या निमित्ताने एकत्र गायले.

नाटक मंडळ्या

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. टेंबे या भागीदारीतून लवकरच मुक्त झाले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. गंधर्व मंडळीच्या 'संगीत स्वयंवर' (१९१६) या नाटकाच्या चाली त्यांचे गुरू भास्करबुवा यांनी दिल्या. ख्यालाच्या बंदिशींवर उभे असलेले ते नाटक 'मानापमान'ने घालून दिलेल्या वाटेवरचेच पुढचे पाऊल होते. टेंबे यांनी 'पट-वर्धन', 'तुलसीदास' इत्यादी नाटकेही लिहिली.

चित्रपट

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या व्ही. शांताराम दिग्दर्शित बोलपटात टेंबे यांनी हरिश्चंद्राची आणि दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. पार्श्वगायनाचे तंत्र तेव्हा रूढ नसल्याने नटाला चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावरील टेंबे यांचा रंगभूमीवरील अनुभव कंपनीला मोलाचा ठरला. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' या चित्रपटात त्यांनी मच्छिंद्रनाथ साकारला. प्रभातच्या 'सिंहगड' आणि 'सैरंध्री' (दोन्ही १९३३) या चित्रपटांचे संगीतही त्यांचेच होते.

लेखन

'माझा संगीत व्यासंग' (१९३९) आणि 'माझा जीवनविहार' (१९४८) हे त्यांचे आत्मपर ग्रंथ आहेत. अनेक थोर गायक-गायिका ध्वनिमुद्रणे मोजकीच ठेवून किंवा न ठेवताच निवर्तले. अशा कलावंतांच्या गायनाचे जाणकार साथीदाराने केलेले वर्णन या लेखनात आढळते. त्यामुळे महाराष्ट्रातील संगीताच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे ग्रंथ आजही उपयुक्त ठरतात.