काचेचा धागा ओढणारे ग्रिफिथ

लॅबमध्ये यूटीएमवर नमुना तुटतो, आपण रीडिंग उतरवतो आणि मेसकडे पळतो. तो तिथेच का तुटला, हे फारसं कोणी विचारत नाही. अ‍ॅलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांनी ते विचारलं.

त्यांचा जन्म १८९३ सालचा, लंडनचा. लिव्हरपूलला मेकॅनिकल शिकून १९१५ मध्ये ते फार्नबरोच्या विमान कारखान्यात लागले. अडचण अशी होती की काच हिशेबाने जेवढा ताण सोसायला हवी, त्याच्या कितीतरी आधीच तुटायची. ग्रिफिथनी काच वितळवून धागे ओढले. साध्या काचेची ताकद सुमारे १७० मेगापास्कल भरली; तीन-साडेतीन मायक्रॉन जाडीच्या धाग्याची सुमारे ३४०० मेगापास्कल. काच तीच, ताकद वीसपट!

कारण १९२१ साली छापून आलेल्या निबंधात आहे. काचेत न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. भेग वाढताना सुटणारी ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करायला पुरली, की तुकडा गेलाच. बारीक धाग्यात मोठ्या भेगेला जागाच नसते.

असं सांगतात, की सहकाऱ्याकडून गॅसची बत्ती चालू राहिली, आग लागली आणि वरिष्ठांनी हे काम थांबवलं. ग्रिफिथ इंजिनांकडे वळले. तिथे व्हिटलच्या जेट इंजिनाच्या कल्पनेला त्यांनी प्रतिकूल अभिप्राय दिला. काचेतली भेग ओळखणारा माणूसही इथे चुकला. १९३९ मध्ये रोल्स-रॉइसमध्ये जाऊन मात्र त्यांनी स्वतः जेट इंजिनांवरच काम केलं. १९६३ मध्ये ते वारले.

त्याच दशकात, त्याच फार्नबरोला, मजबूत कार्बन फायबर तयार झाला. त्याचा एक धागा साधारण सात मायक्रॉनचा. प्रत्येक धागा आपल्या सर्वांत वाईट दोषापाशी तुटतो. मग रेझिन त्याचा भार शेजाऱ्यांवर टाकतं. धागा आणि रेझिनची पकड फार घट्ट असली तर भेग सरळ आरपार जाते. फार सैल असली तर भार पोचतच नाही. तुटलेले धागे एका जागी जमले, की पूर्ण नमुना फाडकन जातो.

म्हणजे पट्टीची ताकद सरासरी धाग्यावर ठरत नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग घेऊन झालं, की तुटलेला तुकडा फेकू नका. भिंगाखाली धरा आणि भेग कुठून सुरू झाली ते शोधा. मेस काही पळून जात नाही!