पंडिता रमाबाई आणि पाठांतराची विद्या

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, घरोघर पहाटेच्या प्रहरी पाठांतराचा गुणगुणाट सुरू होतो. पालक त्यास अभ्यास म्हणतात; कित्येक शिक्षक त्यासच घोकंपट्टी म्हणून नाक मुरडतात; आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेला विद्यार्थी धडा पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो व उन्हाळ्याच्या सुटीत विसरून जातो. स्मरणशक्ती हे विद्येचे साधन की विद्येचा शत्रू, असा हा वाद आहे. तो नुसत्या तर्काने सुटण्यासारखा नसल्यामुळे आम्ही या अंकी आमच्या वाचकांपुढे एका थोर स्त्रीचे चरित्र ठेवीत आहो. पाठांतराची पराकाष्ठा जर कोणी केली असेल तर ती या बाईंनी केली. आणि पाठांतराच्या मर्यादेचे चटके जर कोणास बसले असतील तर तेही यांनाच.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे व्युत्पन्न पंडित होते. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत असता, आपले गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि स्त्रियांसही ही विद्या येऊ शकते ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची ठसली. पुढे त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. त्यावरून शास्त्रीमंडळींत गहजब झाला. परंतु शास्त्रीबोवा डगमगले नाहीत. लोकांच्या कटकटीस कंटाळूनच की काय, त्यांनी अरण्यात घर बांधले व तेथे विद्यार्थी ठेवून पाठशाळा चालविली. काही काळाने द्रव्य संपले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी रमा अवघ्या सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर दिला, आणि अशा रीतीने तिचा हिंदुस्थानचा प्रवास सुरू झाला!

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा आईने तिच्या शिक्षणास हात घातला. वडील वृद्ध झाले होते. आईस दिवसभर स्वयंपाकपाणी व आल्यागेल्याचे करावे लागे, म्हणून पाठाची वेळ पहाटेची. लक्ष्मीबाई झोपलेल्या मुलीस कुरवाळून उठवीत आणि अंधारातच तिला संथा देत. पुस्तक पाहून शिकण्याचा तो प्रकार नव्हता. आईने म्हणावे, मुलीने ऐकावे, तसेच म्हणावे, पुन्हा म्हणावे. या पद्धतीने रमाबाईंनी बाराव्या वर्षापर्यंत पुराणाचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत केले. ही संख्या ऐकून आमचे विद्यार्थी तोंडात बोट घालतील. म्हणून आम्ही थोडा हिशेब करून पाहिला. चार वर्षांचे दिवस सुमारे 1460. तेव्हा दररोजचे श्लोक पडले बारा-तेरा. हे काही दैवी चमत्काराचे काम नव्हे. मात्र ते एक दिवसही खाडा न करता केले पाहिजे, आणि काल केलेले आज विसरता कामा नये, हीच काय ती मेख आहे.

मग विसर का पडला नाही? याचे उत्तर त्या कुटुंबाच्या उपजीविकेत सापडते. देवळाच्या ओवरीत, घाटावर, झाडाच्या पारावर बसून ही मंडळी पुराण सांगत. ऐकणारे फुले, फळे, धान्य, पैसा पुढे ठेवीत. त्यावर सर्वांचा निर्वाह होई. अर्थात जे पाठ केले ते रोज चारचौघांत मोठ्याने म्हणावे लागे. पोथी पुन्हापुन्हा वाचणे निराळे आणि पोथी मिटून म्हणून दाखविणे निराळे. या फरकाचे मोल अलीकडे प्रयोगांनी मोजले गेले आहे. 2006 साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटास एक उतारा चार वेळा वाचावयास दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला व तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटास त्यातील शेकडा 40 भाग आठवला, तर दुसऱ्यास शेकडा 61. नवल हे की, वाचल्यावर पाचच मिनिटांनी पाहिले असता पहिलाच गट सरस ठरला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री धडा चार वेळा वाचून ज्यास आपली तयारी झाली असे वाटते, त्याने हे आकडे पाटीवर लिहून ठेवावेत.

स्मरणाचे असे मोजमाप करण्याचा पहिला मान जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांचा. त्यांचा ग्रंथ 1885 साली प्रसिद्ध झाला. त्या वर्षी रमाबाई इंग्लंडात होत्या. एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या किती वेळाने किती विसरतात याचा तपशील ठेवला. पुन्हा पाठ करताना वाचलेल्या श्रमावरून पाहता, एका तासात निम्म्याहून अधिक गेले, दिवस उलटला तेव्हा सुमारे एक-तृतीयांश उरले आणि महिन्याने एक-पंचमांश. पण त्यांनीच असेही दाखविले की, जी यादी एका दिवसात बसवावयास 68 आवृत्त्या लागतात तेवढेच काम तीन दिवसांत वाटून केल्यास 38 आवृत्त्यांत होते; आणि छंदोबद्ध, अर्थपूर्ण कविता पाठ करण्यास तितक्याच निरर्थक अक्षरांच्या मानाने जेमतेम एक-दशांश श्रम पडतात. लक्ष्मीबाईंस यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी पहाटेचा थोडा थोडा पाठ, अनुष्टुभाचा ठेका आणि रोजची उजळणी ही तिन्ही त्यांच्या पद्धतीत आपोआप होती.

येथवर पाठांतराची बाजू झाली. आता दुसरी.

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणी येईना, आणि आले तरी पुढे ठेवावयास त्यांच्यापाशी काही नव्हते. या कुटुंबास दुसरा कोणताही धंदा येत नव्हता. मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. भांडी गेली, दागिने गेले, शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. आधी वडील, मागोमाग आई आणि नंतर वडील बहीण कृष्णाबाई, अशी तिघे माणसे थोड्या अवधीत गेली. ज्या मुलीच्या कंठात अठरा हजार श्लोक होते, तिला त्यांपैकी एकाच्याही बळावर आईच्या मुखात घासभर अन्न घालता आले नाही. रमाबाईंच्या पुढील सर्व शिक्षणकार्याचे मूळ आमच्या मते येथे आहे. कोणत्याही परदेशी ग्रंथात नाही.

बंधू श्रीनिवास व रमा ही दोघे त्यानंतर पायीच उत्तरेकडे फिरत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचण्यास सांगितले व ग्रंथही दिला. पुढे धर्मशास्त्रे वाचीत असता, निरनिराळ्या ग्रंथांची इतर अनेक बाबतींत एकवाक्यता नसली तरी स्त्रियांना हीन लेखण्यात मात्र ती आहे, असे रमाबाईंच्या ध्यानात आले. येथे पाठांतर विचाराच्या उपयोगी पडले हे लक्षात घेतले पाहिजे. एक वचन दुसऱ्या वचनाशी ताडून पाहावयाचे तर दोन्ही एकाच वेळी मनात हजर लागतात. ज्याच्या मनात काहीच साठलेले नाही तो तुलना कशाची करणार? पाठांतराची थट्टा करणाऱ्यांनी एवढ्या गोष्टीचा विचार करावा अशी आमची त्यांस विनंती आहे.

1880 साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी-विवाह केला. 1881 मध्ये कन्या मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि त्याच वर्षी हंटर साहेबांच्या शिक्षणमंडळापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका तयार करण्याची व स्त्रियांस वैद्यक शिकविण्याची मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वैद्यकाचा बेत मात्र फसला, कारण त्यांस ऐकू कमी येऊ लागले होते. दैवाचा खेळ पाहा, सगळी विद्या जिने कानांनी मिळविली तिलाच कानांनी दगा दिला! मग त्यांनी चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात अध्ययन-अध्यापन केले, आणि 1886 साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या.

त्या शहरी रमाबाईंनी फ्रोबेलची बालोद्यान-पद्धती पाहिली, आणि पाहून स्वस्थ न बसता तिच्या शिक्षिकावर्गात आपले नाव घातले. संस्कृत पंडितांनी गौरविलेली ही विदुषी लहान मुलांत बसून लोकरीचे चेंडू, लाकडी गोल व घन, कागदाच्या घड्या आणि काड्यांच्या आकृत्या शिकू लागली. या पद्धतीत शब्द आधी नसून वस्तू आधी असते. मूल घन हातात घेते, फिरविते, मोडून आठ तुकडे करते, पुन्हा जोडते. आणि मग त्यास नाव कळते. संथेत याच्या अगदी उलट. तेथे शब्द प्रथम येतो व अर्थ वर्षांनी, कित्येकदा तर येतच नाही. पुराण ऐकणाऱ्या शेकडो लोकांस एका शब्दाचा अर्थ कळत नसे व केवळ श्रवणाने पुण्य लागते म्हणून ते बसत, हे रमाबाईंनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. वर्गात न समजता माना डोलविणारी मुले पाहिली की आम्हास त्या श्रोत्यांची आठवण होते.

फेब्रुवारी 1889 मध्ये त्या परतल्या, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईस चौपाटीनजीक शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. केशवपन झालेल्या, घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढलेल्या अशा मुलींना एकदम पुस्तक हाती देऊन काय उपयोग? ज्यांस निर्भयपणे वर पाहण्याचीही सवय नव्हती, त्यांना आधी बागेतून फिरणे, वस्तू हाताळणे, प्रश्न विचारणे शिकवावे लागे. 1890 च्या अखेरीस सदन पुण्यास गेले. 1893 मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा हा या लेखाचा विषय नव्हे.

घाटकोपर-मुलुंडवरून जो लोहमार्ग पुण्यास जातो तोच पुढे दौंडच्या वाटेवर केडगावास नेतो. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे 300 अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांस केडगावी मुक्ती सदनात आश्रय मिळाला. 1900 च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींचे शिक्षण कसे योजले होते, यात बाईंचे दुष्काळातले सारे दुःख वाचता येते. अक्षरओळख होतीच, पाठांतर होते, गाणी होती. पण प्रत्येक मुलीच्या हातास काहीतरी कसब लागलेच पाहिजे असा दंडक होता. कोणी मागावर विणीत, कोणी तेल गाळीत, कोणी गुरे पाहात, कोणी छापखान्यात खिळे जुळवीत. लहानांसाठी बालोद्यान होते. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन होते, व त्यांस बोटांनी ब्रेल लिपी वाचावयास शिकविण्याचे काम कन्या मनोरमाबाईंनी उचलले होते. कान गेले तर डोळे, डोळे गेले तर बोटे. स्मरणात शिरण्याचे एक दार बंद झाले तर दुसरे उघडावयाचे, हा तेथील नियमच होता.

आयुष्याच्या अखेरच्या काळात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठीत भाषांतर केले. संस्कृतात ज्यांची जीभ मुरली होती त्यांनी या कामी जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईसही वाचता वाचता अर्थ लागावा, असा त्यांचा हेतू होता. मजकूर जुळविण्याचे व छापण्याचे काम मुक्ती सदनातील स्त्रियाच करीत. 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई वारल्या. म्हातारपणी एकुलती एक कन्या गेली, तरी बाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते त्यांनी हातावेगळे केले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचा देह पडला. ग्रंथ 1924 साली बाहेर आला.