विश्लेषण : गोव्यात बायबल ‘पुराण’ का झाले? कोण होते फादर थॉमस स्टीफन्स?

देवाने स्वतःला माणसांपुढे प्रकट केले, ही ख्रिस्ती धर्मशिक्षणातली मूळ कल्पना. पण ज्यांच्या घरातल्या पोथ्या नुकत्याच काढून घेतल्या गेल्या, त्यांना ती कशी शिकवायची? चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील साष्टीत एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूपुढे हा पेच उभा राहिला.

कोण होते स्टीफन्स?

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायरमध्ये, १५४९ च्या सुमारास झाला. कॅथलिकांना तिथे राहणे अवघड झाले होते. रोममध्ये ते १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. पुढची सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये निधन होईपर्यंत, ते इथेच राहिले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, तेव्हा त्यांचे मृतदेह मिळवून दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. साष्टीतली देवळे पाडल्याचा राग तेव्हा ताजा होता. पोर्तुगीज सत्तेच्या छायेतच ते शिकवत होते, हे नजरेआड करता येत नाही.

प्रश्न कोणी विचारला?

ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स यांनीच एक प्रसंग सांगितला आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मतत्त्वे शिकवली जात असताना एक ब्राह्मण पुढे आला. जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. तक्रार रास्त होती. प्रश्नोत्तरे पाठ करून सिद्धान्त कळतो. पण रात्री ऐकायला, गुणगुणायला कथा लागते.

स्टीफन्स यांनी दोन्ही केले. प्रश्नोत्तरांची ‘दौत्रीन’ त्यांनी कोकणीत, घरच्या भाषेत लिहिली. ती १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. बायबलची कथा मात्र मराठीत, कारण साष्टीच्या श्रोत्यांना पोथीची भाषा म्हणून मराठीच ठाऊक होती. जवळपास ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पहिल्या छपाईचे शीर्षक पोर्तुगीज होते. लोकांनी ग्रंथाला ‘क्रिस्तपुराण’ म्हणूनच ओळखले.

शब्दांची निवड कशी केली?

खरी कसोटी इथे होती. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा ऐकणाऱ्याच्या कानात बसलेला शब्द घेतला. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरितु सांतु’ हा परकाच शब्द ठेवला. ओळखीच्या शब्दाबरोबर जुना अर्थही येतो, ही अडचण त्यांना जाणवली असावी.

लिपीचे काय झाले?

१६०८ मध्ये त्यांनी रोममधील वरिष्ठांना पत्र लिहून स्थानिक लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. ते झाले नाही आणि ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चमध्ये त्या वाचल्या जात. १६१६ च्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूरला निघालेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. देवनागरीतला छापील ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाचकाच्या हाती आला तो १९५६ मध्ये, पुण्यातून, शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे.