फुलपांखरांच्या घराचा शोध : एडवर्ड हॅमिल्टन एटकेन

पावसाळा सरत आला म्हणजे पोलादपूराहून आंबेनळी घाट चढणाऱ्यास एक मोठें, काळें फुलपांखरूं ओढ्यावरून जातांना दिसतें. त्याच्या पंखांवर फिकट निळा रंग असतो. हेंच ब्लू मॉर्मन, मराठींत नीलवंत. २०१५ सालीं यास महाराष्ट्राच्या राज्य-फुलपांखराचा मान मिळाला. तें आपल्या दृष्टीस पडतें खरें, परंतु त्याचें घर कोठें असतें? ज्या थोड्या पुरुषांनीं असला प्रश्न सह्याद्रींत चिकाटीनें विचारला, त्यांपैकीं एकाचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों.

एटकेन यांचा जन्म १८५१ सालीं, घाटापलीकडे सातारा येथें झाला. त्यांचे वडील स्कॉटिश मिशनरी असून मुलाचें आरंभींचें शिक्षण त्यांनींच केलें. १८७० ते १८७६ पर्यंत एटकेन पुण्यास डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकवीत होते. पुढें ते जकात व मीठ खात्यांत शिरले. या नोकरीनें त्यांस उरण, रत्नागिरी, कारवार व गोव्याची सरहद्द येथें फिरविलें. १८८३ सालीं मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. 'एहा' या टोपणनांवानें लिहिलेल्या विनोदी पुस्तकांमुळें इंग्रजी वाचकांत त्यांचें मोठें नांव झालें.

कारवारकडील रानांत त्यांस डेव्हिडसन व बेल हे दोन जोडीदार लाभले. त्या काळचे बहुतेक संग्राहक उडतें फुलपांखरूं जाळ्यांत धरीत व टांचणीस लावीत. या तिघांनीं सुरवंट शोधले, ज्या झाडावर ते सांपडले त्याचींच पानें घालून ते वाढविले, आणि कोणाचें अन्न कोणतें याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

या खटपटींतला बोध मोठा आहे. फुलपांखरूं मध अनेक फुलांचा पितें, परंतु अंडीं ठराविक वनस्पतींवरच घालतें. नीलवंतास लिंबाच्या कुळांतील झाडें लागतात. रानांत माकडलिंबू त्यास पुरतें. दक्षिणेकडील मोठें, काळें-पिवळें सदर्न बर्डविंग सापसंदाच्या जातीच्या वेलींवर वाढतें. आणि कागदाच्या कपट्याप्रमाणें संथ तरंगणारें मलबार ट्री निम्फ दाट सदाहरित रानाची सावली सहसा सोडीत नाहीं. हीं शेवटचीं दोन दक्षिण भारतावांचून जगांत अन्यत्र कोठेंही आढळत नाहींत.

एटकेन १९०६ सालीं निवृत्त झाले व १९०९ सालीं एडिंबरो येथें निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, उन्हाळ्यांत आपल्या घाटाच्या उतारावर वणवे पेटतात, हें आपण दरसाल पाहतों. त्यांत ओढ्याकांठचें माकडलिंबाचें झुडूप जळालें, तर कोणास हळहळ वाटत नाहीं. परंतु पुढील पावसांत तेथें आलेल्या मादीस अंडें ठेवावयास पान उरत नाहीं. म्हणून यापुढें फुलपांखरूं दिसल्यास त्यामागें धांवूं नका. तें कोणत्या पानावर थांबतें तें पाहा, त्या झाडाचें नांव घरांतील वडील माणसांस विचारा, आणि तें झाड राखा.