थोरांची ओळख : दंतवैद्य ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक

गेल्या सत्रात आमच्या शाळेत दंततपासणी शिबिर झाले. प्रत्येक मुलाच्या हाती एक कार्ड आले. सहावीतला एक विद्यार्थी ते कार्ड घेऊन रडवेल्या चेहऱ्याने शिक्षक-खोलीत आला. आपण सहावीत असताना डॉक्टरांनी ‘क्लास टू’ का लिहिले, असे त्याचे विचारणे होते. आम्हांला हसू आले, पण उत्तर आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. मग डॉक्टरीणबाईंनीच समजावले की हा वर्ग मुलाचा नसून किडीचा आहे. दाढ जिथे शेजारच्या दाढेला टेकते, त्या बाजूला कीड लागली होती.

त्याच्या वडिलांचे मत पडले की दाढ काढूनच टाकावी, दुसरी येईलच. पालकांनी हे नीट लक्षात घ्यावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे जी दाढ येते, ती दुधाची नसते, कायमची असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सुचवले की खड्डा मोठा आहे, तेव्हा नुसते भरण्यापेक्षा इनले बसवून दाढ वाचवावी. हे सारे वर्ग आणि खड्डा कसा कोरायचा याचे नियम ज्यांनी घालून दिले, त्या ब्लॅक यांची ओळख या अंकात करून देत आहोत.

ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांचा जन्म 3 ऑगस्ट 1836 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळ झाला. बालपण शेतावर गेले. शाळेत ते फारसे रमले नाहीत. रानात भटकावे, झाडे-प्राणी न्याहाळावेत, हाताने काहीतरी घडवावे, हा त्यांचा छंद. (विद्यार्थी मित्रांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. याच माणसाने पुढे आयुष्यभर अभ्यास केला.) सतराव्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे वैद्यकी शिकायला राहिले. 1857 साली स्पीअर नावाच्या दंतवैद्याकडे त्यांनी काही महिने उमेदवारी केली आणि विंचेस्टरमध्ये दवाखाना थाटला. त्या काळी बहुतेक दंतवैद्य असेच तयार होत. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्लॅक उत्तरेच्या सैन्यात टेहळणीच्या कामावर होते. गुडघ्याला दुखापत झाल्याने ते परतले आणि 1864 मध्ये जॅक्सनव्हिल गावी स्थायिक झाले.

खरी साधना तिथे सुरू झाली. दिवसा रोगी आणि उरलेल्या वेळात प्रयोग. शिलाई यंत्रासारखे पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र त्यांनी स्वतः बनवले. परंतु त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता. भरलेला दात पुन्हा का किडतो? भरलेले निघून का येते? एकाच गावात वर्षानुवर्षे राहिल्यामुळे आपण भरलेले दात पुढे कसे टिकतात, हे त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळे. दोष नशिबाचा किंवा रोग्याचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ब्लॅक यांनी मात्र मोजमाप सुरू केले. चावताना माणूस किती जोर लावतो, हे मोजायलाही त्यांनी उपकरण केले आणि तो जोर शंभर पौंडांच्याही वर जातो असे दाखवून दिले.

एवढा भार रोज पडणार, तर खड्ड्याचा आकारही घराच्या पायासारखा हवा. वाटोळ्या बुडाच्या खड्ड्यात भरलेला तुकडा दाबाने कलंडतो. म्हणून तळ सपाट, भिंती उभ्या, पेटीसारखी रचना, आणि दाताची कड आधाराशिवाय सुटी राहू नये, असे नियम त्यांनी बसवले. किडीच्या जागेनुसार पाच वर्गही केले. दाढेच्या माथ्यावरील खाचांतील कीड पहिल्या वर्गात, मागच्या दातांच्या शेजारी-शेजारी असलेल्या बाजूंची दुसऱ्या वर्गात, पुढच्या दातांच्या बाजूंची तिसऱ्यात, तीच कीड दाताचा कोपरा घेऊन गेली तर चौथ्यात, आणि हिरडीलगतची पाचव्यात. सहावा वर्ग नंतर इतरांनी जोडला.

आपण ज्याला चांदी भरणे म्हणतो, ते मिश्रण त्या काळी बेभरवशाचे होते. ते घट्ट होताना कधी आक्रसे, कधी फुगे. ब्लॅक यांनी चांदी, कथिल वगैरेंची प्रमाणे बदलून बदलून पाहिली आणि 1895-96 च्या सुमारास भरवशाचे सूत्र प्रसिद्ध केले. जगभर ते अनेक दशके चालले. पाऱ्याच्या कारणाने अलीकडे चांदी मागे पडत चालली आहे, ही गोष्ट वेगळी.

आता इनलेकडे वळू. चांदी मऊ असताना खड्ड्यात ठासतात आणि ती तिथेच कडक होते. इनले बाहेर तयार करून आणतात आणि सिमेंटने बसवतात. त्यामुळे पेटीच्या भिंती वरच्या बाजूला किंचित पसरट ठेवाव्या लागतात. इडलीपात्राची वाटी आठवा. वर रुंद असते म्हणूनच इडली अखंड निघते. इनले अखंड आत जायचा असतो, एवढाच फरक. इनले हा ब्लॅक यांचा शोध नव्हे. त्यांच्याच इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्टचे दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी 1907 साली न्यूयॉर्कमध्ये सोन्याचे ओतीव इनले करून दाखवले. खड्ड्यात मेण दाबून ठसा घ्यायचा, त्याभोवती उष्णता सोसणारे पीठ ओतायचे, मेण जाळून टाकायचे आणि रिकाम्या पोकळीत दाबाने वितळलेले सोने घालायचे. आपल्या आदिलाबादचे ओझा कारागीर पितळेच्या मूर्ती याच तत्त्वावर ओततात. टॅगर्ट पेटंटसाठी कोर्टात गेले आणि हरले, कारण आयोवा राज्यातील फिलब्रुक यांनी ही रीत दहा वर्षे आधीच मांडली होती. पण ओतलेला तुकडा नेमका बसेल अशा पेटीची शिस्त दंतवैद्यांच्या हाताला ब्लॅक यांच्या शिकवणीतून आधीच लागलेली होती.

त्यांच्या एका नियमाबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. खड्ड्याच्या आसपासचा निरोगी भागही, पुढे किडू शकेल म्हणून, आधीच कोरून टाकावा, असे ते शिकवत. त्या काळच्या साहित्याकडे पाहता यात तथ्य होते. पण त्यापायी कित्येकांच्या दातांचा चांगला भागही गेला. आज चिकटणारी द्रव्ये आहेत, त्यामुळे शक्य तितके कमी कोरण्याकडे कल असतो. थोर माणसाचे सगळेच टिकते असे नाही.

1891 पासून ब्लॅक शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक होते आणि 1897 पासून अखेरपर्यंत तेथील दंतविद्यालयाचे प्रमुख. 1908 साली त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडल्यावर कुणीही थांबले असते. पण 1909 मध्ये कोलोरॅडोतील तरुण दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांनी त्यांना एक कोडे घातले. तिकडच्या मुलांचे दात तपकिरी, डागाळलेले का असतात? ब्लॅक स्वतः तेथे गेले. डागाळलेले हे दात इतरांपेक्षा जास्त किडत नाहीत, हे पाहून ते चकित झाले. कारण सापडण्यापूर्वीच, 31 ऑगस्ट 1915 रोजी, त्यांचे निधन झाले. शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये त्यांचा पुतळा आहे.

कारण 1931 साली सापडले : पाण्यातील फ्लोराइड. आपल्या हैदराबादजवळच्या नलगोंड्यात याच फ्लोराइडने पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे दात आणि हाडेही बिघडवली. तुरटी आणि चुना घालून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने 1970 च्या दशकात विकसित केली. तिला नाव मिळाले ते नलगोंडा पद्धत हेच.

त्या विद्यार्थ्याची दाढ राहिली आहे. इनले बसवून दोन महिने झाले. मधल्या सुट्टीत तो वर्गमित्रांना तोंड उघडून दाखवतो आणि पाचही वर्ग न चुकता म्हणतो.